अर्थशास्त्राचे नऊ तास

आप्पारावांचं पत्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलं होतं आणि ऑगस्ट संपत आला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्रांना उत्तर न देणं ही माझी सवय नाही. साधी लग्नपत्रिका आली तरी मी पोस्टकार्ड टाकतो. या पत्राला मी चार वेळा उत्तर लिहिलं आणि चारही वेळा फाडून टाकलं. दोनदा होकार लिहिला होता, दोनदा नकार. चारही उत्तरं वाचायला बरी होती.

आप्पाराव हे आमच्या कॉलेजच्या संस्थेचे सचिव. संस्था कारखान्याची. कागदोपत्री ती वेगळी आहे, पण सहकारी साखर कारखान्याचे जे संचालक तेच संस्थेचे विश्वस्त, आणि दोन्हींच्या बैठका कारखान्याच्या गेस्टहाउसमध्येच व्हायच्या. आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या वडवणीपासून फार लांब नाही. बहात्तर साली, दुष्काळाची कामं रस्त्यावर चालू असताना, मी या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला आलो आणि छत्तीस वर्षं तेच शिकवून निवृत्त झालो. पत्र आलं तेव्हा निवृत्तीला सात वर्षं झाली होती.

पत्रात लिहिलं होतं की अर्थशास्त्राचे आठवड्याचे नऊ तास तासिका तत्त्वावर भरायचे आहेत. आपण निवृत्त मान्यताप्राप्त प्राध्यापक असल्यामुळे मुलाखतीची गरज नाही. आपली संमती कळवावी. खाली पेनानं एक ओळ होती : 'सर, नाही म्हणू नका.'

तासिका तत्त्वाला आमच्याकडे सगळे सीएचबी म्हणतात. जेवढे तास घ्याल तेवढ्याचेच पैसे. दिवाळीच्या सुट्टीचे नाहीत, गॅदरिंगचे नाहीत, परीक्षेच्या महिन्याचे नाहीत. पैसे येतात तेही वर्ष संपता संपता, एकदम. एका माणसाला नऊ तासांच्या वर देत नाहीत. आणि हे नऊ तास मिळायला पात्रता काय, तर एम.ए.ला पंचावन्न टक्के, वर नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी. माझ्या काळात यातलं काही नव्हतं. माझ्या जागेच्या मुलाखतीला मी एकटाच उमेदवार आलो होतो. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "इथं राहाल ना?" मी "हो" म्हटलं. मुलाखत संपली.

मला शिकवायला जायचं होतं. हे आता सरळ लिहितो, पण तेव्हा माझ्या बायकोला, सावित्रीलासुद्धा सांगितलं नाही. बीडहून नवा अभ्यासक्रम मागवला. तिसऱ्या वर्षाच्या सहकाराच्या पेपरात बरंच काही बदललं होतं. मी सकाळी वाचायला बसू लागलो आणि दोन वह्या टिपणांनी भरल्या. पण उत्तर लिहायला बसलो की वाटायचं, आपला आवाज मागच्या बाकापर्यंत जाईल का? आपण चांगलं शिकवत होतो की पोरं नुसती सोसत होती? शेवटच्या वर्षी माझ्या तासाला एक मुलगा रोज झोपायचा. रोज यायचा आणि रोज झोपायचा. त्याला मी कधी उठवलं नाही.

सावित्री म्हणायची, "हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. लग्नाच्या वेळीसुद्धा तुमचं उत्तर तुमच्या चुलत्यांनीच दिलं होतं."

या नऊ तासांवर आधी गहिनीनाथ होता, माझाच विद्यार्थी. त्याच्याकडे सेट आहे, पीएच.डी. आहे. त्याला कुठेतरी कायम जागा मिळाली असणार, असं मी धरून चाललो. विचारता आलं असतं. विचारलं नाही.

पावसाचं ते सलग दुसरं वर्ष कोरडं होतं. जुलैत पेरलेलं उगवलं नाही. कॉलेज सुरू झालं असेल, असं मी रस्त्यानं जाणाऱ्या मुलांवरून ओळखत होतो.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी कॉलेजचा शिपाई उत्तरेश्वर सायकलवरून आला. पिशवीतून त्यानं एक लांबट रजिस्टर काढलं आणि माझ्यासमोर उघडलं.

"सर, ह्या सगळ्या ओळींवर सह्या करा. तारखा टाकू नका, त्या हाफिसात टाकल्यात."

"कसल्या सह्या?"

"तुमच्या तासांच्या."

"अरे, मी अजून एकही तास घेतला नाही."

"झाले की! जुलैपासून चालू हायेत. पोरं बी बसतेत. लई न्हाई, आठ-धा."

"घेतं कोण?"

"गहिनीनाथ सर. दुसरं कोन घेनार?" उत्तरेश्वरनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विसरलो होतो. "शिकवायचं त्यांनी, सही तुमची. टाइमटेबलावर बी तुमचंच नाव हाय. मी सोता चिकटवलंय."

सावित्री आतून बाहेर आली. "म्हणजे हे घरी बसून शिकवतात, आणि तिकडं पोरांना ऐकू जातं?"

"आकाशवानी समजा, वैनी," उत्तरेश्वर म्हणाला आणि दोघंही हसली.

"पण मी संमती कळवली नव्हती," मी म्हणालो.

"न्हाई बी कळवलं न्हवतं ना. साहेब म्हनले, सरांचा सभाव तसाच हाय. गप बसले म्हंजी हो."

त्याचं चुकलं नव्हतं. आमच्याकडच्या सहकारात असंच चालतं. कारखान्याची वार्षिक सभा असो की दूध संघाची, अध्यक्ष ठराव वाचतात, पुढचे पाच-सहा जण 'मंजूर, मंजूर' ओरडतात, आणि जे गप्प बसले ते सगळे होकारात धरून 'सर्वानुमते' असं लिहिलं जातं. छत्तीस वर्षं मीही स्टाफच्या बैठकांत गप्प बसून सर्वानुमते होत आलो होतो. आप्पारावांनी माझ्या न लिहिलेल्या उत्तराचा त्याच पद्धतीनं अर्थ लावला होता.

"रजिस्टर ठेवून जा," मी म्हणालो. "बघतो."

"बघायचं काय त्याच्यात?" म्हणत उत्तरेश्वरनं चहा प्याला आणि गेला.

टिपणांच्या दोन वह्या टेबलावरच होत्या. सावित्रीनं त्या पाहिल्या होत्या की नाही कोण जाणे. मी त्या उचलून कपाटात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ आला. गल्लीत टँकर यायची वेळ होती, म्हणून सावित्री घागरी घेऊन बाहेर उभी होती. तो तिच्या पाया पडला, तिच्या दोन घागरी रांगेत पुढं सरकवल्या आणि मग आत आला.

त्याचे आईवडील, शहादेव आणि भिवराबाई, ऊसतोडीला जाणारे. शिकत असताना हा मुलगा दिवाळीनंतर वर्गातून नाहीसा व्हायचा आणि मार्चमध्ये, हाताला घट्टे घेऊन, परीक्षेपुरता उगवायचा. तरी तो पहिला यायचा. ते माझ्या शिकवण्यामुळे होत असेल, असं मला कधी वाटलं नाही, कारण माझा अर्धा अभ्यासक्रम तो उसाच्या फडातच वाचत असे.

"सर, सही राह्यली म्हनं," तो बसता बसता म्हणाला.

"तुला हे माहीत होतं?"

"मीच हो म्हनलो, सर." त्यानं मान खाली घातली नाही, सरळ सांगितलं. "माझी सलग चार वर्षं झाली. चारी वर्षांची इद्यापीठाची मान्यता हाय. पाचव्याला आप्पारावभाऊंनी बोलवलं. म्हनले, गहिनीनाथ, एक साल गॅप घे. सलग वर्षं साचली की मानूस कोर्टात जातो आन चिकटतो. मी म्हनलो, मी न्हाई जात कोर्टात. ते म्हनले, सगळे असंच म्हनतेत."

"मग?"

"मग म्हनले, तास तूच घे. नाव राधाकिशन सरांचं लावू. पैसे सरांच्या खात्यावर पडतील, सर तुला देतील. सर एक रुपाया ठेवनार न्हाईत, येवढा भरोसा हाय."

"एवढा भरवसा आहे, तर मला कुणी विचारलं का नाही?"

"पत्र टाकलं की त्यांनी."

मी विचारलं, "या वर्षीचा तुझ्या नावाचा काय कागद राहील?"

"कायच न्हाई."

"आणि कुठं कायम जागेची जाहिरात निघाली तर?"

"निघत न्हाई, सर. मागं एकदा निघालती. पाच वर्षांचा मान्य अनुभव मागितलता. तवा माझी दोनच झालती." तो हसला. "आमी सीएचबीवाले स्टाफरूममधी एकमेकांला काय म्हनतो, ठावं हाय का? अर्धा कोयता. तोडीला नवरा-बायकू मिळून एक कोयता धरतेत, एकटा मानूस असला की अर्धा. तसं अठरा तासांचा पूर्ण मास्तर, नऊ तासांचा अर्धा कोयता."

"आणि मी कोण?"

"तुमी या साली मुकादम, सर."

बोलून गेल्यावर तो गोरामोरा झाला. मजूर गोळा करून त्यांच्या नावानं कारखान्याशी व्यवहार करणाऱ्याला मुकादम म्हणतात आणि फडात त्याच्याविषयी कुणी बरं बोलत नाही. मी म्हटलं, "बरोबर आहे." ते खरंच बरोबर होतं.

"या साली ऊस न्हाई," तो उठता उठता म्हणाला. "आईबापाला तोड भेटंल का न्हाई, सांगता येत न्हाई. घरात येनारा पैसा ह्यो येवढाच. म्हैन्याच्या आखरीला बिल जातं. तवर सह्या झाल्या म्हंजी बरं."

"मी विचार करतो."

"करा, सर. पन तुमी इचार करता तवा लई दिवस लागतेत."

मंगळवारी मी आप्पारावांना भेटायला गेलो. ते कॉलेजात नव्हते, कारखान्यावर होते. कारखाना दुसऱ्या वर्षीही बंदच राहणार हे उघड होतं, म्हणून उसाच्या गाड्या जिथं उभ्या राहतात त्या मोठ्या पटांगणात जनावरांची छावणी उघडली होती. बांबूवर हिरवी जाळी टाकून ओळीनं दावणी केल्या होत्या. माणसं जनावरांबरोबरच मुक्कामाला होती. चाऱ्याचा ट्रक नुकताच आला होता आणि त्याच्याभोवती आरडाओरडा चालू होता. आप्पाराव वजनकाट्याच्या खोलीत पंखा लावून बसले होते.

"या, या, सर! पत्राचं उत्तर सोता घेऊन आलात की काय?"

"तसं नाही," मी म्हणालो.

"बसा. चहा आणा रे सरांना. बिनसाखरेचा का?"

"साखरेचा चालेल."

"साखर कारखान्यावर बिनसाखरेचा पिऊ बी नये," ते हसून म्हणाले. त्यांचा स्वभाव मनमोकळा आहे. मी निवृत्त झालो तेव्हा सगळ्यात लांब भाषण त्यांनीच केलं होतं. "बोला. सह्यांचं तेवढं राहिलंय म्हणे."

मी वाटेत तीन वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवेना. शेवटी जे बोललो ते तयार केलेलं नव्हतं.

"आप्पाराव, मी खरंच शिकवायला आलो तर?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. त्यांना वाईट वाटलं असावं.

"सर, या वयात कशाला तरास घेता? ऊन काय, पाण्याची बोंब काय. आणि गहिनीनाथ चांगला शिकवतो. पोरं त्यालाच मागतेत."

पोरं त्याला मागतात तर नाव त्याचं का नको, हा प्रश्न मला सुचला, पण परत जाताना, फाटकापाशी आल्यावर. त्या वेळी मी फक्त म्हणालो, "त्याचं एक वर्ष जाईल."

"एकच वर्ष, सर. पुढच्या साली पुन्हा त्याचंच नाव लावू. त्याला बी शब्द दिलाय."

"म्हणजे पुढच्या वर्षी त्याचं पाचवं धरणार."

"पाचवं कसं? सलग पाहिजे. मधी मोडलं की पुन्हा पहिल्यापासून." त्यांनी एक बोट वर केलं. "एक."

"हे त्याला सांगितलंय का?"

"त्यानं विचारलं न्हाई," आप्पाराव म्हणाले. त्यात लबाडी नव्हती. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. "आपल्याला एका गहिनीनाथचं बघून चालत न्हाई, सर. पंधरा-सोळा पोरं हायेत अशी. एक चिकटला की सगळे चिकटतील. कारखाना बंद, संस्थेत पैसा न्हाई. तुम्ही अर्थशास्त्राचे, तुम्हाला मी काय सांगावं?"

चहा गोड होता. मी तो संपवला आणि बाहेर पडलो.

दावणीच्या तिसऱ्या की चौथ्या ओळीत कुणीतरी मला हाक मारली. भिवराबाई होत्या. दोन बैल आणि एक गाय घेऊन त्या आठवडाभरापासून छावणीत राहत होत्या. गाईपुढं उसाचं वाढं टाकता टाकता त्या म्हणाल्या, "सर, केली का सही?"

"अजून नाही."

"कावून?"

"त्याचं वर्ष जाईल, भिवराबाई."

"वर्स कुठं जातंय?" त्यांनी हातातलं वाढं खाली टाकलं. "आमच्या ह्यांना कावीळ झालती त्या साली मुकादमाची उचल ह्यांच्या नावावर घेतली आन तोड माज्या दिरानं केली. हंगाम सरला, पट्टा पडला, कारखाना बंद झाला, हिशेब फिटला. कुनाचं काय गेलं?"

"तोडीत मागच्या सालाचा ऊस पुढच्या साली कुणी मोजत नाही. यात मोजतात. किती वर्षं सलग केली ते विचारतात. मधी खंड पडला की केलेलं जातं."

"केल्यालं जातं?"

"हो."

त्या म्हणाल्या, "मंग हे तोडीपेक्षा बी वंगाळ काम हाय म्हना की." आणि लगेच आवाज चढला. "पन तुमाला काय, सर, पेन्शन हाय. पोरगं पस्तिशीला आलं. पोरी बघाया गेलो की इचारतेत, काय करतो? मी म्हनते, प्राध्यापक हाय. ते म्हनतेत, ते झालं, परमनंट हाय का? मी म्हनते, डाक्टर बी हाय, इंजिक्शनवाला न्हाई, पुस्तकाचा. ते म्हनतेत, ते बी झालं, परमनंट हाय का?"

शेजारच्या दावणीतली बाई मोठ्यानं हसली. भिवराबाई हसल्या नाहीत.

"सही करायची नसंल तर त्याला तोंडावर सांगा. रोज हितं छावनीत आला की इचारतोय, उत्तरेश्वर आलता का, सरांनी केली का."

मी बरं म्हणालो आणि निघालो.

घरी येऊन मी विचार करायला बसलो. सही केली तर गहिनीनाथला या वर्षीचे पैसे मिळणार होते आणि मागची चार वर्षं जाणार होती. सही न करता प्रकृतीचं कारण लिहिलं, तर आप्पाराव गाडी पाठवून मला दवाखान्यात नेतील आणि येताना सही घेतील, इतके ते चांगले आहेत. आणि मी अगदीच ऐकलं नाही, तर निवृत्त प्राध्यापक काय कमी आहेत? माजलगावला अर्जुनराव आहेत, ते तर कुठंही सही करतील, आणि खात्यावर पडलेले पैसे परत देतील याचा भरवसा नाही. म्हणजे नुसत्या नकारानं गहिनीनाथचे पैसेही जाणार होते आणि वर्षही.

बुधवारी दुपारी मी ट्रंकेतून माझी एम.ए.ची गुणपत्रिका काढली. ती मी कुणाला दाखवत नाही. अठ्ठेचाळीस टक्के. नोकरीत असताना नवे नियम निघाले की दर वेळी मला धाकधूक व्हायची. जुन्या नेमणुकांना ते लागू नसायचे, हे मला ठाऊक असायचं, तरी दोन-तीन दिवस जेवण जात नसे. स्टाफरूममध्ये सेट-नेट झालेली मुलं आली की मी वर्तमानपत्र वर धरायचो. पण जुनी नेमणूक जून महिन्यातल्या नव्या नेमणुकीला कशी चालेल, हा प्रश्न मला त्या दुपारी पहिल्यांदा पडला. संस्थेनंही तो स्वतःला विचारला नसावा. निवृत्त झालेल्या माणसाचे गुण कोण बघतो?

मी पाचव्यांदा उत्तर लिहिलं. या वेळी ते छोटं झालं.

'आपले जूनचे पत्र मिळाले. उत्तरास फार उशीर झाला. एम.ए.ला मला अठ्ठेचाळीस टक्के गुण आहेत. नेट, सेट अथवा पीएच.डी. नाही. आजच्या नियमांप्रमाणे नव्या नेमणुकीस मी अपात्र आहे, असे मी समजतो. गुणपत्रिकेची प्रत जोडली आहे. माझी संमती धरू नये. जुलैपासून अर्थशास्त्राचे तास माझ्या नावावर लावलेले असले तरी ते मी घेतलेले नाहीत; ते डॉ. गहिनीनाथ यांनी घेतले आहेत व ते या जागेसाठी पात्र आहेत. प्रत : विद्यापीठाचा मान्यता विभाग.'

मग मी रजिस्टर उघडलं. जिथं माझी सही हवी होती तिथं प्रत्येक ओळीत 'तास डॉ. गहिनीनाथ यांनी घेतला' असं लिहिलं आणि त्यापुढं सही करायला हात उचलला, पण थांबलो. हे माझ्या एकट्याचं नव्हतं. पत्र गेलं आणि आप्पाराव चिडले, तर भोगायचं त्याला होतं. मी गहिनीनाथला फोन केला. मला फोनवर बोलायला जमत नाही. मी फक्त "ये" म्हणालो.

तो संध्याकाळी आला. पत्र त्यानं परीक्षकासारखं दोनदा वाचलं.

"सर, ही प्रत इद्यापीठाला कावून?"

"नाहीतर हे पत्र आप्पारावांच्या खिशात राहील."

"आन 'अपात्र' कावून लिवलं? 'असमर्थ' लिवा की. बरं दिसतंय."

"असमर्थ लिहिलं तर ते आधार द्यायला येतील."

त्याला हसू आलं, पण तो हसला नाही. "पेन्शनीला धक्का लागंल का?"

"नाही. तेव्हाच्या नियमानं मी पात्र होतो." हे वाक्य मी तोवर कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. ते खरं आहे की नाही, हे मी पुन्हा एकदा मनात तपासून पाहिलं.

"मला न्हाई पटत, सर," त्यानं पत्र टेबलावर ठेवलं. "ह्याच्यानं माझे चालू तास बी जातील. एक साल कळ काढली की पुढच्या साली माझं पाचवं लागतंय. भाऊंनी शब्द दिलाय."

"त्यांनी शब्द नाव लावायचा दिलाय. पाचवं धरायचा नाही. काल मी त्यांना विचारलं. सलग मोडलं की पुन्हा पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हंजी?"

"एक."

तो उभा होता, तो खाली बसला. बाहेर टँकरच्या रांगेत कुणाची तरी घागर पुढं घेतल्यावरून भांडण लागलं होतं आणि त्यात सावित्रीचाही आवाज होता.

"मला वाटलं, मधी गॅप पडला तरी मागली वर्षं धरतेत," तो म्हणाला.

"तू नीट विचारलं होतंस का?"

"न्हाई. तुमचाच इद्यार्थी हाय, सर."

त्यानं पत्र पुन्हा उचललं, तिसऱ्यांदा वाचलं.

"तास काढून घेतले तर घेतले," तो म्हणाला. "पन हे लिवलेलं राहतंय. जुलै-ऑगस्ट मी घेतले हे तरी कुनाला खोडता येनार न्हाई. इद्यापीठानं इचारलं तर त्यांना माझं नाव लावावंच लागंल. आन न्हाई इचारलं..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "सह्या करा, सर."

मी सह्या केल्या. प्रत्येक ओळ त्यानं बोट ठेवून पाहिली. एका ओळीवर तो म्हणाला, "ही खोडा. त्या दिशी मी आलो न्हवतो, छावनीत जनावरं लावायला गेलतो." मी ती ओळ खोडून तिथंही सही केली.

"भिवराबाईंना काय सांगशील?"

"आता न्हाई सांगत. ती आदी तुमच्याकडं येईल आन मंग माझ्याकडं."

गावातल्या पोस्टात रजिस्टर पत्र घेतात, पण तिथं ते दिलं असतं तर चहाच्या वेळेपर्यंत आप्पारावांना तोंडपाठ झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथ मोटारसायकल घेऊन आला आणि मी त्याच्या मागं बसून वडवणीला गेलो. सावित्रीनं विचारलं, "कुठं?" मी म्हणालो, "उत्तर टाकायला." ती म्हणाली, "देवा!" आणि डोक्याला बांधायला उपरणं आणून दिलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानं उघडी पडली होती. गाडीवर त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण वाऱ्यात मला ऐकू आलं नाही आणि मी दोनदा 'हो' म्हणालो. मग लक्षात आलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "मला ऐकू नाही आलं." तो ओरडून म्हणाला, "मी इचारत होतो, तुमाला खरंच शिकवायला यायचं होतं का?"

"हो," मी म्हणालो. या वेळी प्रश्न ऐकून म्हणालो.

झेरॉक्सच्या दुकानात गुणपत्रिकेच्या आणि रजिस्टरच्या पानांच्या प्रती काढल्या. दुकानदारानं गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली, कागद फार जुना आहे म्हणाला, आणि जपून काचेवर ठेवली. पोस्टात गर्दी नव्हती. मी एक पाकीट आप्पारावांच्या नावानं आणि एक विद्यापीठाच्या नावानं केलं. पत्ते माझ्या अक्षरात मी आदल्या रात्रीच लिहिले होते. खिडकीतल्या माणसानं पाकिटं वजनकाट्यावर ठेवली.

"दोन्ही रजिस्टर?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"पोच पाहिजे?"

मी गहिनीनाथकडे पाहिलं. "पायजे," तो म्हणाला. "पोच माझ्या पत्त्यावर येऊ द्या. चालंल ना, सर?"

"चालेल."

पोचपावतीच्या कार्डांवर त्यानं स्वतःचं नाव आणि पत्ता लिहिला. नावाआधी 'डॉ.' लिहिलं, जरा थांबला आणि ते तसंच ठेवलं. खिडकीतल्या माणसानं शिक्के मारले, पावत्या फाडून दिल्या आणि दोन्ही पाकिटं मागच्या पोत्यात टाकली. गहिनीनाथला अकराचा तास घ्यायचा होता, म्हणून आम्ही लगेच निघालो.